विल्यम मॉरिसचीं मुद्राक्षरें

१८८८ सालच्या नोव्हेंबरच्या १५ तारखेस लंडन येथें एमेरी वॉकर यानें मुद्रणकलेवर एक व्याख्यान दिलें व जुन्या पुस्तकांच्या पृष्ठांचीं छायाचित्रें पडद्यावर मोठीं करून दाखविलीं. श्रोत्यांत विल्यम मॉरिस होता. कवि, कापडावरील वेलबुट्टीचा कल्पक आणि कडवा समाजवादी. घरीं परततांना नवीं अक्षरें घडविण्याचा मनोदय त्यानें वॉकरला बोलून दाखविला.

तत्कालीन इंग्रजी छपाईचा त्याला वीट आला होता. फिकी शाई आणि किरटीं अक्षरें त्याला पाहवत नसत. त्याचा आदर्श चारशें वर्षें मागें, व्हेनिसमध्यें होता. तेथें निकोलस जेन्सन या फ्रेंच मुद्रकानें १४७० मध्यें वापरलेलीं रोमन अक्षरें मॉरिसनें छायाचित्रांनीं मोठीं करविलीं, त्यांवर पुनःपुन्हां गिरविलें, आणि वळण हातांत बसल्यावर स्वतःचीं अक्षरें काढलीं. तीं रेखाटनें छायाचित्रणानेंच लहान केलीं गेलीं व एडवर्ड प्रिन्स या कारागिरानें त्यांवरून पोलादी ठसे कोरले. हाच 'गोल्डन' टाईप. १८९१ मध्यें केल्मस्कॉट मुद्रणालयाचें पहिलें पुस्तक त्यांत निघालें. ज्या 'गोल्डन लेजंड' ग्रंथावरून टाईपाचें नांव पडलें, तो मात्र १८९२ पर्यंत रखडला!

जेन्सनचें अक्षर हलकें व प्रसन्न आहे. मॉरिसचें जाड, काळेंभोर. दांड्याच्या टोकाशीं जी आडवी रेघ असते, जिला सेरिफ म्हणतात, तीहि दणकट. हस्तकौशल्याच्या या कैवाऱ्यानें कॅमेऱ्याचें साहाय्य घ्यावें, ही विसंगति असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कॅमेऱ्यानें पूर्वजांच्या हाताचें वळण दाखविलें. त्यांतून काय घ्यावें हें मॉरिसच्या डोळ्यानें ठरविलें.

आम्हांस खटकतें तें निराळेंच. १८९६ सालीं या मुद्रणालयानें चॉसरचे ग्रंथ एडवर्ड बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांसह काढले. त्यासाठीं मॉरिसनें गॉथिक वळणाचा निराळा टाईप केला होता. कागदावरील प्रती ४२५, किंमत २० पौंड. चर्मपत्रावरील प्रती अवघ्या १३. श्रमजीवी वर्गासाठीं रस्त्यावर उभें राहून भाषणें करणाऱ्या माणसाचा हा ग्रंथ मजुराच्या घरीं जाणें शक्यच नव्हतें.

अक्षरें मात्र गेलीं. बोस्टनच्या एका टाईप-ओतशाळेनें 'गोल्डन' विकण्याची परवानगी मागितली. मॉरिसनें ती साफ नाकारली. तरीहि १८९३ च्या सुमारास अमेरिकेंत त्याची नक्कल 'जेन्सन' या नांवानें बाजारांत आली, आणि जुन्या हातकामाचा थाट हवा असेल तेथें, जाहिरातींत व मुखपृष्ठांवर, वर्षानुवर्षें मिरवली. मॉरिस ज्या सामान्य माणसाविषयीं आयुष्यभर बोलला, त्याच्या नजरेस तें वळण पडलें तें या चोरवाटेनें, फुकट वाटलेल्या हँडबिलांवर.