हळदणकरांचे जलरंग: उजेड कागदातून येतो

आता आपण सावळाराम लक्ष्मण हळदणकरांकडे वळू. मूळचे सावंतवाडीचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि १९०८ साली इथेच त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. हातात दिवा धरलेल्या मुलीचं त्यांचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. त्यांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. १९४५-४६ च्या सुमारासचं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि कित्येक लोक अजून ते राजा रविवर्म्यांचं समजतात. रविवर्मा तर १९०६ सालीच गेले! शिवाय त्यांची ख्याती तैलरंगांची; हे चित्र जलरंगातलं.

हा फरक नुसता नावाचा नाही. तैलरंगात उजेड शेवटी पांढऱ्या रंगानं चढवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद. ज्योतीची जागा पहिल्यापासून राखावी लागते.

मिश्रणाचंही तसंच. पिवळ्यात निळा कालवला की हिरवा, हे आपण शाळेत शिकतो. पण पिवळा थर वाळू देऊन वरून पातळ निळा दिला, तरी हिरवाच दिसतो. प्रकाश दोन्ही थरांतून कागदापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून तो जास्त जिवंत वाटतो. पिवळा आणि जांभळा हे विरोधी रंग. एकमेकांत मिसळले तर मळकट होतात, शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात. गीताची जांभळट साडी आणि दिव्याचा पिवळा उजेड बघा.

म्हणून त्या चित्राखाली हळदणकरांचंच नाव हवं. नाव चुकलं, की हे सगळं कसबही आपल्या नजरेतून सुटतं.