‘निवडून कोण येईल?’ : अमेरिकी प्रायमरीतल्या एका प्रश्नाचा इतिहास

२६ आणि २७ जून २०१९ रोजी मायामी शहरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांचा पहिला जाहीर वादविवाद झाला. इच्छुक इतके की एका व्यासपीठावर मावेनात. शेवटी दहा-दहा जणांचे दोन गट पाडून दोन रात्री कार्यक्रम घ्यावा लागला. आणि हे वीसजण म्हणजेही सगळे नव्हते, एकूण आकडा पंचवीसच्या पुढे गेला होता. माजी उपाध्यक्ष जो बायडेन होते, बर्नी सँडर्स होते, एलिझाबेथ वॉरेन, कमला हॅरिस, कोरी बुकर होते. साऊथ बेंडसारख्या छोट्या शहराचे महापौर पीट बुटिजेजही होते.

पुढचे आठ महिने या पक्षाचे मतदार आरोग्य विमा, कॉलेजची फी, वंशभेद, हवामान बदल अशा विषयांवर बोलत होते. पण प्रत्येक चर्चा फिरून एकाच प्रश्नावर यायची, ट्रम्प यांना हरवू कोण शकेल? अनेकांना वॉरेन आवडत होत्या, पण मत त्यांना द्यावे की नाही, याची खात्री नव्हती. ‘मला बाई राष्ट्राध्यक्ष चालेल हो, शेजाऱ्याला चालणार नाही,’ अशा अर्थाचे उत्तर त्या काळच्या पाहण्यांत वारंवार मिळत होते. शेजाऱ्याला विचारले तर तोही बहुधा हेच सांगत असे.

हा संवाद आपल्याला परका नाही. ‘मत फुटता कामा नये’, ‘मत वाया घालवू नका’ ही वाक्ये आपल्या मोहल्ल्यात प्रत्येक निवडणुकीला ऐकू येतात. म्हणूनच ‘निवडून कोण येईल’ या प्रश्नाचा अमेरिकेतला इतिहास पाहण्यासारखा आहे. तिथे हा प्रश्न पक्षाच्या आतच, उमेदवार ठरण्याआधी विचारला जातो.

बंद खोलीतून मतदाराकडे

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान. काही राज्यांत त्याऐवजी कॉकस असते. म्हणजे लोक शाळेत, सभागृहात जमतात, चर्चा करतात आणि आपापल्या उमेदवाराच्या बाजूने उभे राहतात. यातून निवडलेले प्रतिनिधी पुढे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात.

१९६८ पर्यंत या मतदानाला फारशी किंमत नव्हती. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धामुळे अध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती ह्युबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस युद्धविरोधी तरुणांना झोडपत होते आणि आत पक्षाचे पुढारी आपला माणूस निवडत होते. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री हरले, निक्सन आले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि उमेदवार निवडण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने मतदारांकडे आला.

अधिकाराबरोबर एक जबाबदारीही आली. पूर्वी पुढारी हिशेब करायचे की कोण जिंकू शकेल. आता तो हिशेब सामान्य मतदाराच्या डोक्यावर आला. पुढाऱ्याकडे निदान राज्याराज्यांतल्या खबरा असत. मतदाराकडे होते वर्तमानपत्र, टीव्ही आणि शेजाऱ्याबद्दलचा अंदाज.

‘आमची आहे, पण येणार नाही’

नव्या नियमांची पहिली निवडणूक १९७२ची. पक्षात इच्छुकांची गर्दी होती. सगळ्यांत पुढे मानले जात होते सिनेटर एडमंड मस्की. न्यू हॅम्पशायर हे त्यांच्या मेन राज्याला लागून असलेले राज्य. तिथे ते ४६ टक्के मते घेऊन जिंकले, मॅकगव्हर्न यांना ३७ टक्के मिळाली. तरीही दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती मस्की कमजोर पडल्याची, कारण त्यांच्याकडून याहून मोठ्या विजयाची अपेक्षा होती. काही आठवड्यांत त्यांची मोहीम ढेपाळली. उमेदवाराची ताकद मतांपेक्षा अपेक्षेच्या मापाने मोजली जाऊ लागली ती तेव्हापासून.

त्याच वर्षी शर्ली चिझम उभ्या राहिल्या. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून निवडून आलेल्या त्या अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. मार्च १९७२ मध्ये इंडियानातल्या गॅरी शहरात कृष्णवर्णीयांचे मोठे राजकीय अधिवेशन भरले. त्यात कुणालाच पाठिंबा जाहीर झाला नाही, चिझम यांनाही नाही. अनेक कृष्णवर्णीय पुढारी आणि स्त्री-चळवळीतल्या काही नामवंत स्त्रिया मॅकगव्हर्न यांच्याकडे गेल्या. कारण तेच. बाई आपली आहे, पण येणार नाही. अधिवेशनात चिझम यांना १५२ प्रतिनिधींची मते मिळाली.

आता हिशेबाचा निकाल पाहा. मॅकगव्हर्न यांना उमेदवारी मिळाली आणि ते ५०पैकी ४९ राज्यांत हरले. हाती लागले फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन. ‘येणार नाही’ म्हणून चिझम यांना बाजूला सारणाऱ्यांनी निवडलेला उमेदवारही आला नाही. चिझम हरल्याच असत्या, हे मान्य. पण त्यांना नाकारून नेमके काय वाचवले, याचा जमाखर्च कुणी मांडला नाही.

अनोळखी माणूस पुढे जातो

चार वर्षांनी, १९७६ मध्ये, पुन्हा गर्दी झाली. यावेळी जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर होते. राष्ट्रीय पातळीवर त्यांना फारसे कुणी ओळखत नव्हते. (त्यांच्या आई लिलियन यांनी साठच्या दशकात पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून आपल्या मुंबईत, विक्रोळीला काम केले होते.) आयोवाच्या कॉकसमध्ये कार्टर यांना सुमारे २८ टक्के मिळाले. त्यांच्याहून जास्त, म्हणजे ३७ टक्के लोकांनी ‘आम्ही अजून कुणाचेच नाही’ असे सांगितले होते. पण ‘कुणाचेच नाही’ यांचा फोटो छापता येत नाही. फोटो कार्टर यांचा छापला गेला.

न्यू हॅम्पशायरमध्ये कार्टर पुन्हा २८ टक्क्यांवर पहिले आले. उदारमतवादी गटाचे चार उमेदवार होते. युडाल यांना २३, बाय यांना १५, हॅरिस यांना ११ आणि श्रायव्हर यांना ८ टक्के. चौघांची बेरीज कार्टर यांच्या दुप्पट होते. पण बेरीज निवडणूक लढवत नाही. चौघेही थांबले की दुसरा कधी बाजूला होतो, आणि कार्टर पुढे निघून गेले. जो उमेदवार कुणाच्याच हिशेबात नव्हता, तो नोव्हेंबरमध्ये फोर्ड यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाला.

२००८ मध्ये याच आयोवाने वेगळा रंग दाखवला. त्याआधी अनेक कृष्णवर्णीय मतदार आणि जॉन लुईस यांच्यासारखे पुढारी हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला होते. ओबामांबद्दल आपुलकी होती, पण गोरा माणूस त्यांना मत देईल यावर विश्वास नव्हता. ३ जानेवारीला नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या वस्तीच्या आयोवात ओबामा पहिले आले, क्लिंटन तिसऱ्या. तीन आठवड्यांत साऊथ कॅरोलायनामध्ये कृष्णवर्णीयांची जवळपास ऐंशी टक्के मते ओबामांना पडली. जॉन लुईसही पुढे त्यांच्याकडे आले. उमेदवार तोच होता आणि मतदारही तेच. बदलला होता तो दुसऱ्याविषयीचा अंदाज.

सतराजणांची गर्दी

२०१६ची रिपब्लिकन प्रायमरी मतविभागणीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. सतरा इच्छुक होते. ऑगस्ट २०१५च्या पहिल्या वादविवादात दहाजण मुख्य मंचावर आणि सातजण आधीच्या वेगळ्या कार्यक्रमात, अशी वाटणी करावी लागली. ट्रम्प आज ना उद्या आपोआप कोसळतील, अशी जवळपास सगळ्यांचीच समजूत होती. त्यामुळे बाकीचे ट्रम्प यांच्याऐवजी एकमेकांवर तुटून पडले. जेब बुश यांच्या समर्थकांच्या समितीने दहा कोटी डॉलरहून अधिक पैसा जमवला आणि त्यातला बराच मार्को रुबियो यांच्याविरुद्धच्या जाहिरातींवर उडवला.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी साऊथ कॅरोलायनामध्ये ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मते मिळाली. दोन तृतीयांश मते त्यांच्याविरुद्ध होती. तरी राज्यातले सगळे, पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांनाच मिळाले. त्याच रात्री बुश यांनी माघार घेतली. क्रूझ आणि केसिक यांनी एकमेकांसाठी जागा सोडण्याचा समझोता केला तो एप्रिलच्या अखेरीस. तोवर उशीर झाला होता.

पण इथे थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. ७ डिसेंबर २०१५ रोजी ट्रम्प यांनी मुसलमानांना अमेरिकेत प्रवेशबंदी करण्याची मागणी केली होती. साऊथ कॅरोलायनाच्या मतदानोत्तर चाचणीत रिपब्लिकन मतदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी त्या बंदीला पाठिंबा दिला. म्हणजे रुबियो, क्रूझ, बुश यांना मत देणाऱ्यांतही बंदी मान्य असलेले पुष्कळ होते. मते फुटल्यामुळे कोण पुढे गेला, हे गणित सांगते. हवा कोणत्या दिशेची होती, ते गणितात दिसत नाही. २७ जानेवारी २०१७ रोजी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर बंदीचा आदेश निघाला, तेव्हा ती हवा कायद्याच्या कागदावर उतरली.

साऊथ कॅरोलायनाचा हिशेब

आता पुन्हा २०२० कडे येऊ. आयोवात बायडेन चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. निकाल लागण्याआधीच ते तिथून साऊथ कॅरोलायनाला निघून गेले होते. ‘हाच जिंकू शकतो’ म्हणून ज्यांना सर्वाधिक भाव होता, तेच पहिल्या दोन ठिकाणी हरले होते. नेवाडात सँडर्स यांनी मोठा विजय मिळवला आणि उमेदवारी त्यांचीच, असे वाटू लागले.

साऊथ कॅरोलायनामध्ये डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. त्यांची पाळी आली २९ फेब्रुवारीला. तोवर कमला हॅरिस, कोरी बुकर, डेव्हल पॅट्रिक हे तिघेही कृष्णवर्णीय उमेदवार स्पर्धेतून बाहेर पडले होते. गोऱ्या बहुसंख्येच्या दोन राज्यांनी कौल दिला होता आणि कृष्णवर्णीयांनी एकही मत टाकण्याआधी त्यांच्यातले उमेदवार संपले होते. खासदार जेम्स क्लायबर्न यांनी तीन दिवस आधी बायडेन यांना पाठिंबा दिला. बायडेन जवळपास ४९ टक्के मते घेऊन जिंकले. बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी लगेच माघार घेऊन त्यांच्या बाजूने उभे राहणे पसंत केले. ३ मार्चला चौदापैकी दहा राज्ये बायडेन यांनी जिंकली.

तरुण टीकाकार म्हणाले, वडीलधाऱ्यांनी भीतीपोटी मत दिले. पण त्या रांगेत उभी असलेली वयस्कर पिढी १९६५च्या मतदान हक्क कायद्याच्या आधीचे दिवस पाहिलेली होती. सत्ता चुकीच्या हाती गेली तर पहिला फटका कुणाला बसतो, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ज्याला हरणे परवडते तो मनाप्रमाणे मत देतो. ज्याला परवडत नाही तो शेजाऱ्याच्या पूर्वग्रहाचाही हिशेब ठेवतो. हे शहाणपण आहे. मात्र त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते, आणि ती म्हणजे त्याचा स्वतःचा माणूस दरवेळी ‘पुढच्या वेळी’वर ढकलला जातो.

आपल्यासाठी यात काय?

आपल्याकडे प्रायमरी नाही. २०१४च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने निवडक मतदारसंघांत हा प्रयोग केला, त्यात महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा होते. मतदानाचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता होता. दोन्ही ठिकाणचे उमेदवार मोदी लाटेत पडले आणि प्रयोगही विस्मरणात गेला. त्यामुळे आपल्या मतदाराला पक्षाच्या आत बोलायची संधीच मिळत नाही. पक्षाने दिलेला उमेदवार स्वीकारा, नाही तर ‘मते फोडल्याचा’ ठपका घ्या, एवढेच दोन पर्याय उरतात. मुस्लिम उमेदवाराचे नाव निघाले की पक्षाच्या कार्यालयात जे उत्तर मिळते, ते चिझम यांना मिळालेल्या उत्तरापेक्षा वेगळे नसते.

उपाय अगदीच नाहीत असेही नाही. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अकरा उमेदवार होते, पण मतदाराला पाच नावे पसंतीक्रमाने लिहिता येत होती. जोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर, एक मुस्लिम आणि एक ज्यू, यांनी आपल्या समर्थकांना दुसरी पसंती एकमेकांना द्यायला सांगितले. बराच काळ चाचण्यांत पुढे असलेले अँड्र्यू कुओमो हरले. पसंतीक्रम आपल्याला अनोळखी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण तसेच मत देतो. तिथे पहिली पसंती मनाला आणि दुसरी हिशेबाला देता येते.

बाकी सगळ्या निवडणुकांत मात्र एकाच मतात दोन्ही बसवावे लागते. तेव्हा हिशेब जरूर करावा. फक्त ‘हा येणार नाही’ असे कुणी सांगितले, तर हे कोण म्हणतो आणि कशावरून, एवढे विचारून घ्यावे. ‘येणार नाही’ म्हणून एखाद्याला सगळ्यांनीच सोडले, तर तो खरोखरच येत नाही. मग अंदाज बरोबर निघाला म्हणून सांगणाराच पुढच्या निवडणुकीत आपल्याला शहाणपण शिकवायला येतो.