संगणकाची देखभाल आणि संगणकाचा वेग : महाराष्ट्रातील एका अनुल्लेखित श्रमाचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत संगणकाच्या आयुष्यातील दोनच घटनांची नोंद होते : खरेदी आणि निर्लेखन. पहिल्या नोंदीसमोर दिनांक, देयक क्रमांक व किंमत असते. दुसऱ्या नोंदीसमोर पुष्कळदा 'मंद गती, वापरास अयोग्य' असा शेरा असतो. या दोन नोंदींच्या मधली सहा-आठ वर्षे नोंदवहीच्या दृष्टीने रिकामी असतात. त्या काळात यंत्राची धूळ कोणी काढली, भरून गेलेली डिस्क कोणी मोकळी केली, व्हायरस कोणी हटवला, याचा उल्लेख कोठेही होत नाही. भारतातील संगणकाचा इतिहासही बहुतांशी याच धर्तीवर लिहिला गेला आहे. कोणते यंत्र कोणत्या वर्षी आले हे त्यात सापडते. ते चालते कोणी ठेवले हे शोधावे लागते. देखभालीच्या या श्रमाचा महाराष्ट्रातील प्रवास प्रस्तुत लेखात तपासला असून, त्याचा शेवटचा टप्पा छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) शहरातील गारखेडा परिसराच्या संदर्भात पाहिला आहे.

निर्वात नलिकांचा काळ

महाराष्ट्रातील संगणकाचा आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील चमूने तेथे संपूर्ण देशी बांधणीचा संगणक उभारला. तो १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक असा त्याचा संभार होता. स्मृती होती अवघ्या २,०४८ शब्दांची.

अशा यंत्रात देखभाल ही गणनेच्या बरोबरीचीच बाब होती. हजारो नलिकांपैकी एक निकामी झाली तरी चालू गणित फसे. नलिका विशेषतः यंत्र बंद-चालू करताना जळतात, हा अनुभव अमेरिकेतील एनिअ‍ॅक संगणकावर आधीच आलेला होता. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करीत नसत. पुढे काही यंत्रांवर विजेचा दाब मुद्दाम कमी-अधिक करून अशक्त होत चाललेल्या नलिका बिघडण्यापूर्वीच हुडकून काढण्याची पद्धत रूढ झाली. बिघाडाची वाट न पाहता ठरावीक वेळी यंत्र तपासावे, ही कल्पना त्यामुळे संगणकाइतकीच जुनी ठरते. मात्र या काळात यंत्र बांधणारा, वापरणारा आणि सांभाळणारा एकाच छताखाली, बहुधा एकाच टेबलाशी बसत असे. देखभाल हे वेगळे, आणि म्हणून हलके, काम मानले जाण्याची वेळ अजून आलेली नव्हती.

भाड्याचे यंत्र, परक्याची देखभाल

साठच्या दशकात आय.बी.एम.च्या १४०१ या संगणकाने मोठ्या कंपन्या, सरकारी खाती व संशोधन संस्था यांत प्रवेश केला. ही यंत्रे प्रामुख्याने भाड्याने दिली जात आणि देखभाल कंपनीचेच अभियंते करीत. ग्राहकाला यंत्राच्या पोटात डोकावण्याचे कारणच उरत नसे. परदेशात वापरून झालेली यंत्रे भारतात नव्याने सज्ज करून चढ्या भाड्याने दिली जातात, असा आक्षेप या व्यवहारावर घेतला गेला. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. जुने यंत्र उत्तम देखभालीने वर्षानुवर्षे कार्यक्षम राहू शकते, याचा हा आक्षेप म्हणजे अप्रत्यक्ष पुरावाच होता. तक्रार यंत्राच्या वयाबद्दल होती. ज्ञान कोणाच्या हाती आहे हा त्यामागील खरा प्रश्न होता.

परकीय चलन नियमन कायदा, १९७३ अन्वये विदेशी भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत आणण्याची अट आय.बी.एम.ला मान्य झाली नाही आणि १९७८ साली कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. यंत्रे मागे राहिली. ती चालवायची कोणी, हा प्रश्न शासनाला आधीच जाणवला असावा, कारण या कामासाठीचे सार्वजनिक महामंडळ डिसेंबर १९७५ मध्येच स्थापन झालेले होते. त्याचे नाव अर्थपूर्ण आहे : कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. संगणकाच्या निर्मितीसाठी नव्हे, तर देखभालीसाठी राष्ट्रीय पातळीवर महामंडळ उभे राहावे, ही घटना इतिहासकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. या महामंडळाने आय.बी.एम.च्या यंत्रांची जबाबदारी स्वीकारली, अन्य अनेक कंपन्यांच्या यंत्रांचीही देखभाल केली, आणि त्यातून मिळालेल्या जाणकारीच्या बळावर ऐंशीच्या दशकात भारतीय रेल्वेची संगणकीकृत आरक्षण प्रणाली उभारली. त्याच दशकात महामंडळाने आपले नाव सी.एम.सी. लिमिटेड असे आखूड केले. 'मेंटेनन्स' हा शब्द नावातून अदृश्य झाला. २००१ साली ते टाटा समूहाकडे गेले आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाले. नाव बदलण्यामागील व्यावसायिक कारण समजण्यासारखे आहे. तथापि ज्या कामातून संस्था घडली तेच काम पाटीवरून प्रथम पुसले गेले, हेही नोंदवावे लागते.

कॅल्क्युलेटरच्या दुकानातून

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल झाले आणि वैयक्तिक संगणक कार्यालयांच्या टेबलांवर आला. त्याच्या देखभालीसाठी महामंडळ परवडणारे नव्हते. ती जागा घेतली रेडिओ, कॅल्क्युलेटर, टंकलेखन यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी. या स्थित्यंतराचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात आढळते. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडून रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्यांनी स्वतःचे दुरुस्ती केंद्र काढले आणि पुढे संगणक देखभालीचे वार्षिक करार घेऊ लागले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरसची बाधा वारंवार दिसे. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या व्हायरसांवर छोट्या आज्ञावली लिहिल्या आणि १९९५ च्या सुमारास त्यांतून 'क्विक हील' हे अँटिव्हायरस आकाराला आले. कंपनी २०१६ साली शेअर बाजारात नोंदवली गेली.

या यशोगाथेचा उल्लेख बहुधा उद्योजकतेचा नमुना म्हणून केला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील वेगळी बाब महत्त्वाची आहे : येथे प्रश्न दुरुस्तीच्या बाकावर सापडला आणि उत्तरही तेथेच घडले. कंपनीने पुढे 'पीसी ट्यूनर' नावाची सुविधा काढली. निरुपयोगी फाइली पुसणे, रजिस्ट्री स्वच्छ करणे, डिस्कवरील विखुरलेल्या फाइली सलग लावणे ही कामे ती करीत असे. पूर्वी जे काम कारागीर ग्राहकाकडे जाऊन हाताने करी, तेच आता तबकडीत भरून विकले जाऊ लागले.

गारखेडा परिसर आणि प्रयोगशाळेतील मंद यंत्र

मराठवाड्यात संगणकाचा प्रसार प्रामुख्याने शिक्षणाच्या वाटेने झाला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शासकीय सेवेसाठी त्याचे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरल्यावर गावोगावी केंद्रे निघाली. तत्कालीन औरंगाबादेत विद्यापीठ परिसरातील केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्थेने हार्डवेअरचे शिक्षण दिले. ही संस्था पुढे डोएक आणि नंतर नायलिट या नावाने ओळखली गेली. सूतगिरणी चौकापासून विभागीय क्रीडा संकुलापर्यंत पसरलेला गारखेडा परिसर हा मूळ खेड्याभोवती वाढलेला नोकरदार व विद्यार्थी यांचा भाग. घरातील पहिला संगणक मुलाच्या अभ्यासासाठी, बहुधा हप्त्यावर, घेणारा वर्ग तो हाच.

या भागात संगणक मंदावण्याची कारणे पाठ्यपुस्तकातील कारणांहून काहीशी निराळी होती. पहिले कारण धूळ. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पंख्यात व उष्णताशोषकाच्या पात्यांत धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो, आणि ठरावीक तापमानाच्या पुढे तो स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. वापरणाऱ्याला वाटते की यंत्र म्हातारे झाले. प्रत्यक्षात ब्लोअरचा एक झोत आणि प्रोसेसरवर नव्याने लावलेली उष्णतावाहक पेस्ट एवढ्याने ते पूर्ववत होऊ शकते. दुसरे कारण भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यभर वीज तासन्‌तास जाई, यू.पी.एस.ची बॅटरी उतरली की संगणक लिहिता-लिहिताच बंद पडे. परिणामी फाइल प्रणालीत त्रुटी साचत आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना डिस्कची तपासणी लांबत जाई. तिसरे कारण पेन ड्राइव्ह, ज्यातून एका प्रयोगशाळेचा व्हायरस दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचे.

चौथे कारण साऱ्या जगाचे होते. हार्ड डिस्कवर फाइलींची भर व पुसापुशी होत राहिली की मोठी फाइल अनेक तुकड्यांत विखुरते. वाचणाऱ्या शीर्षाला त्या तुकड्यांमागे तबकडीभर धावावे लागते. १९९३ च्या एम.एस.-डॉस ६ मध्ये हे तुकडे जुळवणारी 'डीफ्रॅग' आज्ञा आली, तर विंडोज ९८ मध्ये देखभालीचे वेळापत्रक आखून देणारी सोय होती. विंडोज व्हिस्टापासून हे काम आपोआप होऊ लागले. त्याची मूळ वेळ ठरवली होती बुधवारी पहाटे एकची. त्या वेळी महाविद्यालयाची प्रयोगशाळा कुलूपबंद आणि मुख्य स्विच खाली पाडलेला असतो, याची वेळापत्रक आखणाऱ्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. हुकलेले काम मग भर तासिकेच्या दिवशी, यंत्र रिकामे सापडेल त्या क्षणाची वाट पाही.

प्रत्यक्षात यंत्रे चालती राहिली ती प्रयोगशाळा सहायकामुळे. फॉरमॅट करणे, दोन बिघडलेल्या संगणकांतून एक चालता करणे, एकाची रॅम दुसऱ्यास लावणे, यंत्र सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या आज्ञावली बंद करणे ही कामे त्याच्या पदनामात बसत नाहीत आणि त्याच्या कार्यमूल्यमापनातही मोजली जात नाहीत. खरेदीसाठी अनुदान मिळते, त्याचे उद्घाटन होते, फलक लागतो. देखभालीचा खर्च मात्र किरकोळ खर्चात दाखवावा लागतो, आणि लेखापरीक्षकाला तोच सर्वांत आधी खटकतो.

मंदपणाची बदललेली व्याख्या

सॉलिड स्टेट डिस्क आल्यावर फिरती तबकडी व धावते शीर्षच उरले नाही. अशा डिस्कवर पूर्वीच्या पद्धतीचे डीफ्रॅग केल्यास लाभ जवळपास होत नाही, उलट डिस्कच्या लेखनक्षमतेची झीज होते. जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी अशी डिस्क बसवून थोडी रॅम वाढवली, तर दहा वर्षांचे यंत्रही दैनंदिन लेखन-वाचनास पुरेसे ठरते. लिनक्ससारखी हलकी प्रणाली टाकल्यास त्याहूनही कमी खर्च येतो. देखभालीचे ज्ञान अशा रीतीने बदलले. त्याची गरज संपली नाही.

तथापि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० आणि ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक आहेत. सुस्थितीत असलेले, वेळेवर साफ केलेले, वेगातही न उणावलेले यंत्र यामुळे अपात्र ठरू शकते. मंदपणा हा यंत्राचा दोष असतो तेव्हा त्यावर ब्लोअर, डिस्क वा रॅम हा इलाज असतो. अपात्रता बाहेरून जाहीर होते तेव्हा प्रयोगशाळा सहायकाच्या हाती फारसे काही राहत नाही. १९७८ साली परक्या कंपनीने सोडून दिलेली यंत्रे चालवण्यासाठी देशात एक महामंडळ सज्ज होते. आज त्याच प्रसंगी महाविद्यालयापुढे असते ती ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे यंत्र सोपवण्याची तरतूद, आणि नोंदवहीतील निर्लेखनाचा तो रकाना, ज्यात अजूनही 'मंद गती' असेच लिहिले जाते.