पंढरींतील निवारा आणि निराधार वार्धक्य



पंढरीस आलेल्या यात्रेकरूस रात्रीपुरती पाठ टेकावयास जागा मिळणें ही एक गोष्ट. आणि त्याच पंढरींत एखाद्या गरीब म्हाताऱ्या माणसास उरलेलीं वर्षें काढण्यास खोली मिळणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिली सोय ह्या गांवानें पिढ्यान् पिढ्या केली. दुसरीचा इतिहास अजून अपुराच आहे.

संसाराचा भार उतरला कीं क्षेत्रीं जाऊन राहावें, ही आपल्याकडील जुनी समजूत. त्यामुळें आषाढी-कार्तिकीचे वारकरी परत गेले तरी कांहीं वृद्ध माणसें, विशेषतः निराधार विधवा, मागें राहात. होळकर-शिंद्यांसारख्या राजघराण्यांनीं येथें वाडे बांधले, फडकऱ्यांचे मठ झाले, जातवार धर्मशाळा उभ्या राहिल्या. १८७५ सालीं प्रार्थनासमाजानें अनाथ बालकांसाठीं आश्रमही काढला. पण मठ-धर्मशाळांच्या आश्रयास दोन मर्यादा होत्या: एक जातीची, दुसरी मुदतीची.

जातीची मर्यादा किती कठोर होती, हें चोखोबांच्या नांवावरूनच कळतें. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करतांना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, असें परंपरा सांगते. त्यांची समाधि महाद्वारासमोर आहे. परंतु गांवाची भिंत बांधणाऱ्या ह्या संताच्या समाजास क्षेत्रांत हक्काचें छप्पर नव्हतें. १९२० च्या सुमारास गाडगे महाराजांनीं लोकांकडून वर्गणी जमवून पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळा बांधली. इमारती उभ्या केल्या, पण त्यांवर स्वतःची मालकी त्यांनीं ठेविली नाहीं. विठ्ठलमंदिराचें दार अस्पृश्यांस १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, उघडलें. निवाऱ्याचें दार त्याच्या आधीं पंचवीसएक वर्षें उघडलें होतें. १९४९ मध्यें ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे देण्यांत आली आणि तेथें विद्यार्थी राहूं लागले.

दुसरी मर्यादा मात्र कोणत्याही धर्मशाळेस ओलांडतां आली नाहीं. आलेला माणूस जाणार, ह्या गृहीतावरच ती चालते. गरीब वृद्धास तर जावयास ठिकाणच नसतें. भाड्याच्या खोलींतही तेंच भय. यात्रेच्या दिवसांत त्याच खोलीस यात्रेकरू अधिक पैसे देतो, आणि तोंडी बोलीवर राहाणाऱ्या म्हातारीस आपलें बोचकें आवरावें लागतें. तिच्याजवळ दाखविण्यासारखा एकही कागद नसतो.

ह्या कागदाचें मोल कायद्यानें हळूहळू ओळखलें. मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या जागीं ३१ मार्च २००० पासून आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानें भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असावा असें ठरविलें, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर ठेविली. भाड्याची पावती देणेंही त्याचेंच कर्तव्य आहे. पुढें २००७ च्या केंद्रीय कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांसाठीं वृद्धाश्रम स्थापण्याची तरतूद केली. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दुसऱ्याच्या नांवें करून दिलें आणि त्यानें सांभाळ नाकारला, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेण्याची वाटही त्यांत आहे.

पण वाट असणें निराळें आणि ती चालतां येणें निराळें. सत्तरी उलटलेली, अक्षरओळख नसलेली बाई कचेरीची पायरी एकटी कशी चढणार? तिला करार वाचून दाखविणें, पावती मागून देणें, अर्ज लिहून देणें, तारखेच्या दिवशीं बरोबर जाणें, एवढें कोणी केलें तरी तिचें छप्पर टिकूं शकेल. आपल्या पूर्वजांनीं धर्मशाळेच्या पायाशीं दगड वाहून पुण्य जोडलें. ह्या कामास दगड लागत नाहींत. शेजारच्या चार साक्षर माणसांचा वेळ लागतो. यात्रा संपून गांव रिकामा झाल्यावर ज्यांस परत जावयाचें नसतें, त्यांच्याकरितां तेवढा वेळ काढणें, हेंही ह्या क्षेत्राचें जुनें ऋण फेडणेंच आहे.