चिआपासच्या बायकांचा प्याला

मेक्सिकोच्या दक्षिणेला चिआपास नावाचा डोंगराळ मुलूख आहे. चारशे वर्षांपूर्वी तिथे स्पेनचं राज्य होतं. थॉमस गेज नावाचा इंग्रज धर्मगुरू त्या काळात तिथे राहिला आणि १६४८ साली त्यानं आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. त्यात चॉकलेटवरून झालेलं एक भांडण आहे.

तिथल्या घरंदाज स्पॅनिश बायका मोठ्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसल्या, की मध्येच त्यांच्या मोलकरणी गरम चॉकलेटचे प्याले घेऊन यायच्या. बायकांचं म्हणणं, पोटात कसंसंच होतं, प्याल्याशिवाय एवढा वेळ बसवत नाही. बिशपला हा व्यत्यय सहन होईना. जी पिईल तिला धर्माबाहेर टाकू, असा हुकूमच त्यानं लावला. बायकांनी प्याला सोडला नाही, ते चर्च सोडलं आणि दुसरीकडे प्रार्थनेला जाऊ लागल्या. पुढे बिशप आजारी पडून वारला. त्याच्या चॉकलेटमध्येच विष कालवलं होतं, अशी कुजबुज झाल्याचं गेज लिहितो. खरंखोटं देव जाणे. (गरम प्याला सांभाळत धावणाऱ्या मोलकरणींना कुणी काही विचारलं नसणार.)

गेजला बायकांची तक्रार म्हणजे निव्वळ बहाणा वाटला. मला तसं वाटत नाही. त्यांचा प्याला म्हणजे कोकोच्या बिया भाजून, दगडावर वाटून, पाण्यात घुसळलेलं दाट पेय होतं. दाताखाली फोडायची वडी इंग्लंडच्या फ्राय कंपनीनं आणली ती थेट १८४७ मध्ये. त्याआधी, १८४१ साली, वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनतज्ज्ञानं कोकोच्या बियांतून थिओब्रोमिन हा पदार्थ वेगळा काढला होता. तो चहा-कॉफीतल्या कॅफिनचा भाऊबंद, पण त्याहून सौम्य. कोकोत थोडं कॅफिनही असतं.

ही दोघं मेंदूत काय करतात? दिवसभराच्या कामानं मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि आपल्याला झोप येऊ लागते. त्याची बसायची जागा ठरलेली असते. एसटीत कुणी आधीच सीटवर रुमाल टाकून ठेवावा, तसं कॅफिन ती जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन उभंच राहतं, आपण जागे राहतो. लांबलचक प्रार्थनेत तरतरी हवी म्हणणाऱ्या बायका काही खोटं बोलत नव्हत्या.

पण विसाव्या शतकात चॉकलेटच्या अंगाला भलतेच गुण चिकटले. प्रेमात पडल्यासारखं वाटायला लावणारं रसायन त्यात आहे, असं छापून येऊ लागलं. ते रसायन असतं, पण मेंदूपर्यंत पोचायच्या आत शरीर ते बहुतेक मोडून टाकतं. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना मेंदूत एक सुखद पदार्थ सापडला. आपल्या ‘आनंद’ शब्दावरून त्यांनी त्याला आनंदामाइड नाव दिलं. १९९६ मध्ये तो चॉकलेटमध्येही आढळला, पण इतका कणभर की त्यानं काही व्हावं अशी शक्यताच नाही.

मग चॉकलेटची तलफ येते कशामुळे? अमेरिकेत पॉल रोझिन आणि विला मिशनर यांनी १९९४ मध्ये याची साधी परीक्षा घेतली. तलफ आलेल्या लोकांना त्यांनी कधी दुधाचं चॉकलेट दिलं, कधी कोको नसलेलं पांढरं, कधी नुसती कोकोची कॅप्सूल. चॉकलेटनं तलफ भागली, पांढऱ्यानं थोडीफार भागली. कॅप्सूलनं काहीच झालं नाही, आणि कोकोतली सगळी रसायनं तर तिच्यातच होती! म्हणजे ओढ गोडाची, स्निग्धपणाची, जिभेवर विरघळण्याची.

स्मरणशक्तीचंही ऐका. अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. रोज कोकोचा अर्क घेणाऱ्यांच्या बुद्धीत काही फरक दिसला नाही. त्या कोकोच्या गोळ्या मार्स या चॉकलेट कंपनीनंच पुरवल्या होत्या, तरी निकाल जसा आला तसा छापला, हे चांगलं झालं. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, मुळात आहार निकृष्ट असलेल्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. पण तोही अर्कच, वडी नव्हे.

हे सगळं आज सांगायचं कारण आपली लेबलं. आपल्या कितीतरी गटांत कंपाउंडच्या लाद्या वितळवून, साच्यात ओतून चॉकलेटं होतात. त्या लादीत साखर आणि वनस्पती तेल भरपूर, कोको बेताचाच. लेबलवर ‘ताण घालवते, बुद्धी वाढवते’ छापू या का, असं मला सारखं विचारलं जातं. मी नाही म्हणते. घटक, वजन, तारीख आणि गटाचं नाव, एवढं ठळक छापा. चवीला छान असेल तर गिऱ्हाईक परत येतंच.