दाबोळीची बाँबफेक आणि चित्रपटांतील वैमानिक

युद्धपटांतील वैमानिकाची प्रतिमा ही समाजाच्या युद्धस्मृतीचे एक साधन होय. ब्रिटनमध्ये १९४१ च्या ‘टार्गेट फॉर टुनाइट’ या पटात हवाई दलातील प्रत्यक्ष सैनिकांनीच भूमिका केल्या. १९५५ च्या ‘द डॅम बस्टर्स’मध्ये लँकॅस्टर विमानांतील सात-सात जणांचे चमू दिसतात. बाँबफेक तेथे सांघिक कर्म म्हणून रंगविली गेली. महाराष्ट्राशी निगडित असलेल्या एका हवाई स्वारीच्या वाट्यास मात्र असे चित्रण आलेले दिसत नाही.

दि. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड वजनाचे बाँब टाकले. पाठोपाठ ८ कॅनबेरांची दुसरी तुकडी गेली. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, असा आदेश होता. जो प्रदेश मुक्त करावयाचा त्यावरच बाँब टाकावयाचे, हा या स्वारीतील पेच होता. आदेशातील संयम त्यातूनच आला असावा. धावपट्टीची हानीही मर्यादितच ठरली, कारण त्याच रात्री दोन विमाने तेथून निसटली.

‘जोहर-मेहमूद इन गोवा’ (१९६५), ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) व ‘त्रिकाल’ (१९८५) या गोव्याविषयीच्या चित्रपटांत नायकत्व वैमानिकाकडे नाही. ‘सात हिंदुस्तानी’त ते निःशस्त्रपणे सीमा ओलांडून तिरंगा फडकविणाऱ्यांकडे आहे. ‘विजेता’ (१९८२) या दिलीप चित्रे यांच्या पटकथेवरील चित्रपटात वायुसेना केंद्रस्थानी आहे आणि नायकाची आई मराठी आहे. परंतु नायक मिग विमानाचा, म्हणजे लढाऊ विमानाचा, वैमानिक आहे.

या निवडीची कारणे दोन संभवतात. लढाऊ विमानात वैमानिक एकटा असतो व त्याचे द्वंद्व दृश्य असते. कॅनबेरात मार्गनिर्देशकाचा वाटा वैमानिकाइतकाच मोलाचा, आणि ज्याच्यावर बाँब पडतो तो दोघांनाही दिसत नाही. दुसरे असे की, गोवामुक्तीची नैतिक प्रतिमा सत्याग्रहाने घडविली होती. तीत बाँबफेकीला जागा देणे अवघड होते. मराठीतील ‘वैमानिक’ हा शब्दही लढाऊ व बाँबफेकी असा भेद करीत नाही; त्यामुळे एकाची प्रतिमा दुसऱ्यास सहज झाकून टाकते.

म्हणून चित्रपट हे इतिहासाचे साधन मानताना त्यांतील मौनाचीही नोंद घ्यावयास हवी. पडद्यावर न आलेली घटना घडलीच नाही असे नव्हे. ती स्मृतीत कोठे बसवावी, हे समाजाने ठरविलेले नसते, एवढेच.