संधिवातावरील क्षकिरण व रुग्णालयांचीं दप्तरें

दप्तर म्हणजे वतनाचे व राजकारणाचे कागद, हा समज अपुरा आहे. त्यासाठीं आम्ही एक परदेशीय उदाहरण येथें नमूद करितों.

राँटगेन यानें १८९५ सालीं क्षकिरण शोधिले; थोड्याच वर्षांत युरोपांतील वैद्य सांधेदुखीवर त्यांचा उपयोग करूं लागले. ब्रिटनमध्यें पाठीचा कणा ताठरविणाऱ्या संधिवातावर हा उपचार विशेष चालला. पुढें कोर्ट ब्राउन व डॉल या उभयतांनीं १९३५ ते १९५४ या काळांतील तेरा हजारांहून अधिक रुग्णांचीं टिपणें धुंडाळून, कोणास किती किरण दिले व पुढें त्याचें काय झालें, हें ताडून पाहिलें. १९५७ च्या त्यांच्या अहवालांत रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण अपेक्षेहून पुष्कळ अधिक आढळलें. मात्रेचे आंकडे टिपणाऱ्यांस आपण कशाची साक्ष लिहीत आहों, याची कल्पनाहि नसावी!

जर्मनींत अल्प मात्रेचा उपचार अद्याप चालतो. एका वेळीं ०.५ ते १ ग्रे, एकूण ३ ते ६ ग्रे. ही मात्रा एखाद्या सांध्यापुरती असते. ब्रिटिश रुग्णांचा बहुधा सारा कणा किरणांखालीं आला होता. सबब तो दोष हिजवर जसाच्या तसा लादणें न्याय्य नव्हे. परंतु गुणाचा पुरावाहि वादग्रस्तच आहे. हॉलंडांत गुडघ्यांच्या व हातांच्या झिजेवर दोन चाचण्या झाल्या. कांहीं रुग्णांस खरे किरण, कांहींस लटके. २०१८-१९ च्या सुमारास निकाल प्रसिद्ध झाले, त्यांत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाहीं. पूर्वीचे रुग्ण खोटें बोलत होते, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. लटके किरण घेतलेल्यांपैकींहि कित्येकांस बरें वाटलें होतें.